चाक, चिखल आणि फणस

दिवाळीच्या आधी आमच्या घरी दोन गोष्टी नेमाने झाडल्या जातात. एक, घराच्या भिंती. आणि दुसरी, वर्षभराचा जमाखर्च. पहिल्या कामात मला कुणी घेत नाही, कारण माझ्या हातून जळमटांपेक्षा तसबिरीच जास्त खाली येतात. दुसरे काम मात्र माझे. जन्मभर शाळेत पदार्थविज्ञान आणि गणित शिकवून निवृत्त झालेला माणूस दुसऱ्या कशाच्या उपयोगी पडणार? तर अशाच एका जमाखर्चाच्या बैठकीत माझ्या मुलाने एक मागणी पुढे ठेवली आणि ती आमच्या घरात अजून गाजते आहे. त्याला आपल्या पिकअपसाठी विंच घ्यायचा होता.

राजापूर तालुक्यात, सड्याच्या पायथ्याशी, वहाळाच्या काठाने आमची वाडी आहे. पन्नासेक कलमे, थोडी काजू, आणि २०१९ साली जुन्यात घेतलेली एक पिकअप, एवढा आमचा संसार. आंब्याच्या दिवसांत ती पेट्या वाहते आणि एरवी सिमेंट, चिरे, लग्नाची भांडी, गणपतीला आलेल्या चाकरमान्यांच्या बॅगा, जे मिळेल ते वाहते. डांबरी रस्ता वर सड्यावर संपतो. तिथून खाली वाडीपर्यंत पाणंद आहे, आणि पाणंदीच्या मध्यावर वहाळ. मृगाच्या सरी पडल्या की तिथली तांबडी माती अशी काही मऊ होते, की गाडीचे मागचे चाक एकदा फिरू लागले म्हणजे ते पुढे न जाता खालीच जात राहते. विहीर खणण्याची ही एक नवी रीत आहे असे मी एकदा म्हणालो होतो. मुलाला तो विनोद आवडला नाही, कारण त्या वेळी तो गुडघाभर चिखलात उभा होता.

विंच म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांनी आपल्या विहिरीवरचा रहाट डोळ्यांपुढे आणावा. आडवा लाट, त्यावर गुंडाळणारा दोर, दोराच्या टोकाला घागर. आता लाटाच्या जागी पोलादी ड्रम घ्या, हातांच्या जागी गाडीच्या बॅटरीवर चालणारी मोटर घ्या, मध्ये जोर वाढवणारी दातेरी चक्रे बसवा आणि हे सगळे गाडीच्या पुढच्या बाजूला घट्ट करा. दोराचे टोक समोरच्या झाडाला बांधायचे आणि बटण दाबायचे. झाड जागचे हलत नाही, म्हणून गाडी हलते. रहाटात घागर आपल्याकडे येते. इथे घागरच स्वतःला ओढून घेते. गंमत एवढीच.

मुलाने माहिती नीट जमवली होती. गाडी भरलेली असताना तिचे जे वजन, त्याच्या दीडपट जोराचा विंच असावा असा या धंद्यातला ठोकताळा आहे. आमची गाडी माल भरून तीन टनांच्या घरात जाते. तेव्हा साडेचार टन, म्हणजे जवळजवळ दहा हजार पौंडांचा विंच हवा. ड्रमवर दोराचा एकच थर असतो तेव्हाच तो हा पूर्ण जोर लावतो. थरावर थर चढले की ड्रम जाड होतो आणि जोर घटतो. मोटर पुऱ्या ताकदीने ओढू लागली की बॅटरीतून शेकडो अँपिअर वीज खेचते, म्हणून इंजिन चालू ठेवावे लागते. झाडाला तार करकचून बांधली तर साल कापली जाते, म्हणून रुंद पट्टा लागतो. आणि ताणलेली तार तुटली तर ती चाबकासारखी उलटते, म्हणून तिच्यावर जड गोणपाट किंवा कांबळे टाकून ठेवावे आणि माणसांनी दूर उभे राहावे. हे सारे ऐकताना मला आपल्या विद्यार्थ्याने चांगला पेपर लिहिल्यासारखे वाटत होते. मग त्याने किंमत सांगितली. बसवण्याच्या खर्चासकट सत्तर हजार.

"सत्तर हजारांत विहिरीचा कठडा बांधून होईल, वर मागच्या पडवीची कौलंही बदलतील," आतून आवाज आला. आमच्या घरात अर्थखाते माझ्याकडे असले तरी व्हेटोचा अधिकार स्वयंपाकघराकडे आहे.

मी वही काढली. माझ्या वहीत सगळे असते. २०१९ ते २०२३ या पाच पावसाळ्यांत गाडी अकरा वेळा रुतली. सहा वेळा वाडीतल्या माणसांनी ढकलून काढली, खर्च, चहा. तीन वेळा ट्रॅक्टर बोलावला, प्रत्येकी आठशे. एकदा जेसीबी आणावा लागला, अडीच हजार. एकूण चार हजार नऊशे, म्हणजे वर्षाला नऊशे ऐंशी. या दराने सत्तर हजार फिटायला एकाहत्तर वर्षे लागली असती. मी अडुसष्ट वर्षांचा आहे. वयाच्या एकशे एकोणचाळिसाव्या वर्षी आपण विंचाच्या कर्जातून मोकळे होऊ, असे मी जाहीर केले आणि वही मिटली.

"बाबा, तुम्ही दहाच वेळा धरलीत. अकरावी?" मुलगा म्हणाला.

मी गप्प झालो. अकराव्या वेळेपुढे माझ्या वहीत फक्त तारीख आहे. रकमेचा रकाना कोरा आहे.

ती गोष्ट सांगायला हवी. पण त्याआधी मी विंचाच्या विरुद्ध जे मुद्दे मांडत होतो ते सांगतो, कारण ते अगदीच टाकाऊ नव्हते.

माझा पहिला मुद्दा असा, की सुटकेचे साधन हाताशी आले की माणूस संकटाकडे सरकू लागतो. १८१५ साली हम्फ्री डेव्ही याने खाणकामगारांसाठी सुरक्षित दिवा शोधून काढला. ज्वालेभोवती बारीक तारेची जाळी, त्यामुळे बाहेरचा वायू पेटत नाही. उघड्या ज्वालेपेक्षा दिवा खरोखरच सुरक्षित होता. पण त्याच्या भरवशावर, पूर्वी ज्या वायूने भरलेल्या थरांत कुणी उतरत नसे तिथे माणसे उतरवली जाऊ लागली, आणि खाणींतले मृत्यू अपेक्षेप्रमाणे घटले नाहीत. आमच्या मुलाचे तेच होणार. आज तो आभाळ पाहतो, वहाळाचे पाणी पाहतो, गाडी वर ठेवून चालत येतो. उद्या पुढे विंच असल्यावर तो पाहणार नाही. आज तो जिथे थांबतो त्याच्या पुढे दहा पावले जाऊन रुतेल.

दुसरा मुद्दा मला अधिक प्रिय होता. गाडी रुतली की माणसे जमतात. कुणी पाते घेऊन येतो आणि चाकाखाली झावळ्या घालतो, कुणी नुसताच आरडाओरडा करतो. गाडी निघते, सगळे चिखलाने माखतात, आमच्या ओट्यावर चहा होतो. ज्या घरांचे एकमेकांशी बोलणे नाही तीही माणसे त्या चहाला एका ओळीत बसतात. मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढताना मी पाहिली आहे. लांबलचक जाळे, दोन्ही टोकांना दोर, आणि दोराला लागलेली माणसांची रांग. जो दोराला हात लावतो त्याला वाटा मिळतो. गाव एकत्र राहते ते उपदेशाने नव्हे, तर एकट्याच्या हातून न होणाऱ्या कामांनी. अशी कामे यंत्राने एकेक करून उचलून नेली. मग उरले काय? विंच घेणे म्हणजे शेजाऱ्यांना कळवणे, की आजपासून आम्हाला तुमची गरज नाही.

हे मी मोठ्या सुरात बोललो होतो. असे बोलणे ओट्यावर फार शोभते.

तिसरा मुद्दा कायद्याचा. गाडीच्या मूळ बांधणीत मनमानी बदल करण्याला १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे ५२वे कलम आड येते, आणि डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने गाड्यांच्या पुढे लावलेल्या लोखंडी गार्डांवर याच कलमाखाली कारवाई करायला राज्यांना कळवले होते. पादचाऱ्याला धक्का लागला तर ते लोखंड त्याचा जीव घेते, हे त्यामागचे एक कारण. विंच बसवायचा तर पुढे तसलेच काहीतरी लोखंड आले. या मुद्द्यावर मुलाचा चेहरा थोडा पडला. पण तो हरला नव्हता. त्याच्याकडे अकरावी वेळ होती.

२०२३च्या जुलैमधली रात्र. दीडच्या सुमाराला आमच्या खालच्या घरातले तात्या छातीत कळ येऊन तळमळू लागले. १०८ क्रमांकाला फोन केला. रुग्णवाहिका वेळेवर आली. पण ती सड्यावर डांबरी संपते तिथेच थांबणार, हे उघड होते. आम्ही तात्यांना पिकअपच्या मागे गादीवर निजवले, वर ताडपत्री धरली आणि निघालो. वहाळ ओलांडून पुढची चाके चढावर लागली, आणि मागचे डावे चाक बसले. मुलाने दोनदा जोर दिला. गाडी आसापर्यंत खाली गेली.

माणसे बोलावायला मी मागे धावलो. आणि इथे माझ्या दुसऱ्या मुद्द्याचे काय झाले ते ऐका. आमच्या वाडीत चौदा घरे आहेत. त्या रात्री उघडी होती पाच. बाकीच्यांना कुलपे, माणसे मुंबईला, गणपतीला येणारी. पाच घरांत मिळून गाडीला खांदा देण्याजोगे पुरुष तीन, आणि त्यांत सर्वांत तरुण एकसष्ट वर्षांचा. ज्या रांगेचे मी गोडवे गात होतो ती रांग विंचाने मोडलेली नव्हती. ती आधीच मोडली होती. विंच तर अजून दुकानातून निघालाही नव्हता.

सर्वांच्या आधी पोचले ते गडग्यापलीकडचे भाऊ. अनवाणी, डोक्यावर गोणपाट, खांद्यावर काथ्याचा दोर. आम्ही ढकलले, ओढले. चार म्हातारे आणि एक तरुण यांनी तीन टनांच्या गाडीला चिखलातून काढावे ही पदार्थविज्ञानात बसणारी गोष्ट नव्हे, आणि त्या रात्री रहाट-कप्पीचे सारे नियम पाठ असलेला एक मास्तर तिथे रिकाम्या हातांनी उभा होता. शेवटी भाऊंनीच प्लास्टिकची एक खुर्ची आणली, दोन वासे बांधून तिची डोली केली आणि तात्यांना चढावरून वर नेले. गाडी रुतल्यापासून रुग्णवाहिकेपर्यंत सव्वा तास गेला. तात्या वाचले. पण हृदयाला रक्त मिळण्यात जो उशीर झाला त्याने स्नायूचा काही भाग गेला, असे डॉक्टरांनी सांगितले. आज ते ओट्यापर्यंत चालतात आणि बसतात. पूर्वी माडावर चढत असत.

आता भाऊंविषयी. आमचे आणि त्यांचे बारा वर्षे बोलणे नव्हते. आमच्यात गडग्याचा वाद आहे, म्हणजे होता; कोर्टात दावा होता. वहाळाच्या वरच्या अंगाला गडग्यावर एक जुना फणस आहे. तो आमचा की त्यांचा, यावरून सुरुवात झाली. २०२२च्या पावसाळ्यात एका रात्री भाऊंचा टेंपो त्याच वहाळात रुतला. टेंपोचा भोंगा वाजत राहिला. मी जागा होतो. मला तो भोंगा नीट ऐकू येत होता. कोणाचा आहे हेही कळत होते. मी मनाशी म्हटले, कुणीतरी जाईलच. पांघरूण वर ओढले. मुलाने उठून विचारले, "बाबा, जाऊ का?" मी म्हणालो, "झोप. ट्रॅक्टर येईल त्यांचा." तो झोपला. भोंगा बऱ्याच वेळाने थांबला.

महाभारतात कर्णाच्या रथाचे चाक जमिनीत रुतते, तो खाली उतरून एकटाच ते उचलू पाहतो, हा प्रसंग मी शाळेत मुलांना किती वेळा रंगवून सांगितला असेल! मुले अर्जुनावर चिडत, कृष्णावर चिडत. शल्य रथावर बसलेला होता, त्याने उतरून चाकाला हात लावला असे काही कथेत येत नाही. पण शल्यावर कुणी कधी चिडल्याचे मला आठवत नाही. रथावर बसून राहणाऱ्याचे पाप कुणाच्या लक्षात येत नाही. माझे तर भाऊंनाही ठाऊक नव्हते. ठाऊक होते ते माझ्या मुलाला. आणि तो सत्तर हजारांचा विंच मागत होता.

मला हे उशिरा उमगले. मुलाला यंत्राची हौस आहे असे मी समजत होतो. खरे म्हणजे त्याने दोन रात्री पाहिल्या होत्या. एका रात्री बोलावूनही आपला बाप गेला नाही. आणि दुसऱ्या रात्री बोलावून माणसे आली, तरी ती पुरी पडली नाहीत. माणसांवर विसंबण्याच्या या दोन्ही तऱ्हा पाहिल्यावर त्याने झाडावर आणि तारेवर विसंबायचे ठरवले असेल, तर त्याला दोष कोणत्या तोंडाने द्यावा? विंच रुसत नाही. दावा कुणाचा आहे हे पाहत नाही.

एक मोह मात्र मला झाला होता, तोही कबूल करतो. त्या रात्रीनंतर भाऊंशी बोलणे सुरू झाले. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो आणि आदल्या वर्षीच्या भोंग्याची गोष्ट सांगून टाकली. ते थोडा वेळ तंबाखू मळत राहिले. मग म्हणाले, "मास्तर, मला वाटलंच होतं. तुमच्या माजघरातला दिवा लागून विझला होता." एवढेच. चहा आला. तेव्हापासून माझ्या मनात एक युक्तिवाद घोळत असे: पाहा, त्या रात्री विंच असता तर गाडी पंधरा मिनिटांत निघाली असती, भाऊ येईपर्यंत आम्ही वर पोचलो असतो, आणि बारा वर्षांची अढी तशीच राहिली असती. म्हणजे विंच नव्हता तेच बरे!

हा युक्तिवाद मी एकदा तात्यांच्या ओट्यावर बसून करणार होतो. तोंड उघडले, आणि समोर तात्यांचा धापा टाकणारा श्वास ऐकला. मग उघडले तोंड मिटले. माझे मन स्वच्छ झाले ते कुणाच्या छातीवर? शेजारधर्माचे धडे मला मिळावेत म्हणून दुसऱ्याच्या हृदयाचा तुकडा गेला, तर त्या धड्याला मी चांगले कसे म्हणू? अडचणीने माणसे जवळ येतात हे खरे असेल. पण म्हणून अडचण राखून ठेवावी, हे म्हणण्याचा अधिकार ज्याचे नुकसान होते त्याला आहे. कडेला उभे राहून ज्याला चहा मिळतो त्याला नाही. पूर्वीच्या काळी गाड्या रुतत तेव्हा बैल ओढीत, आणि त्यांच्या शेपट्या पिरगाळल्या जात. त्या दिवसांच्या आठवणी काढताना आपण बैलांचे मत कधी घेतलेले नाही. तेव्हा माझा दुसरा मुद्दा तिथेच संपला.

मग विंच घ्यावा, हे ठरलेच? इतके सरळ नव्हते. मुलगा आणि मी एका रविवारी वहाळावर गेलो आणि विंच असता तर तार कशाला बांधली असती ते पाहू लागलो. आर्किमिडीजने कप्प्यांच्या साहाय्याने, लांब बसून, भरलेले जहाज एकट्याने ओढून दाखवले अशी कथा प्लुटार्कने लिहून ठेवली आहे. आणि उभे राहायला जागा मिळाली तर पृथ्वीही हलवीन अशी त्याची प्रतिज्ञा प्रसिद्ध आहे. ती प्रतिज्ञा मी फळ्यावर तरफ काढताना सांगत असे, आणि दर वेळी माझा भर तरफेवर असे. त्या दिवशी पहिल्यांदा मला कळले की तिच्यातला कठीण शब्द 'जागा' हा आहे. चढाच्या दोन्ही बाजूंना करवंदीच्या जाळ्या, कोवळी काजू, ढासळलेला गडगा. तीन टनांचा ताण सोसेल असे झाड एकच. फणस.

आम्ही दोघेही त्या फणसाकडे पाहत उभे राहिलो. दाव्यात मी लिहून दिले होते की हे झाड माझ्या हद्दीत असून मला ते तोडण्याची मुभा मिळावी. मिळाली असती तर मी ते तोडले असते.

गीतेच्या सहाव्या अध्यायात, आपणच आपला उद्धार करावा, असे सांगितले आहे. त्यावर मी आयुष्यात बरेच बोललो आहे. पण चिखलातून निघताना आपण आपल्याला ओढतो म्हणजे कशावर जोर देऊन ओढतो, हा प्रश्न शिल्लक राहतोच. स्वतःचे केस धरून कुणी वर येत नाही. दोराचे दुसरे टोक आपल्याबाहेर, आपल्यासाठी न लावलेल्या, आपल्या मालकीच्या नसलेल्या कशाला तरी बांधावेच लागते. स्वावलंबन असते, पण तेही आधीच उभ्या असलेल्या कशाच्या तरी आधाराने.

आणि आणखी एक गोष्ट तिथेच लक्षात आली, जी खरे म्हणजे सर्वांत आधी यायला हवी होती. आपण विचारत होतो की विंच घ्यावा का. पण वहाळावर साकव का नाही? रस्ता का नाही? त्याला सरकार कारण नव्हते. पाणंदीचा तो तुकडा वादातल्या जमिनीला लागून जातो. रुंदी वाढवायला दोन्ही खातेदारांची संमती लागते. एका खातेदाराचे नाव भाऊ, दुसऱ्याचे मी. ग्रामपंचायतीचा कागद दोनदा आला होता आणि 'बाब न्यायप्रविष्ट' असे लिहून मी तो दोनदा परत केला होता. अक्षर माझेच, सुवाच्य. चिखलाला मी बारा वर्षे निसर्ग समजत होतो. त्यात निम्मी माती माझ्या हट्टाची होती.

दावा आम्ही तडजोडीने मिटवला. फणस दोघांचा; गरे निम्मे-निम्मे, आणि तो कुणी तोडायचा नाही. संमतिपत्रावर सह्या झाल्या, प्रस्ताव गेला आहे. तो मंजूर होऊन साकव उभा राहीपर्यंत किती पावसाळे जातील ते कोण सांगणार! तोवर पाणंद रुतायची थांबणार नाही. २०२३नंतर आम्ही पावसाळ्यात गाडी वर सड्यावर ठेवतो आणि सामान डोक्यावरून आणतो. पण आजारी माणूस डोक्यावरून आणता येत नाही. म्हणून ओढण्याचे काहीतरी साधन हवे, हा मुलाचा मुद्दा मी मान्य केला.

फक्त ते गाडीच्या नाकावर नको, असे मी म्हटले, आणि या वेळी माझ्याकडे भाषण नव्हते, कारणे होती. हाताने चालवायचे एक यंत्र मिळते. लांब दांडा मागेपुढे करायचा, की आतले दोन चिमटे आळीपाळीने तार पकडतात आणि बोटाबोटाने पुढे खेचतात. ३.२ टनांपर्यंत ओढणारे यंत्र दोघांनी उचलून नेता येते. सोबत एक कप्पी घेतली आणि तार तिच्यातून वळवून पुन्हा गाडीला आणली, की जोर जवळजवळ दुप्पट आणि वेग निम्मा. बॅटरी नको, गाडीत बदल नको, पुढे लोखंड नको. आमची पिकअप असो, भाऊंचा टेंपो असो की गणपतीला आलेल्या पाहुण्याची मोटार. पुढून, मागून, आडवी, कशीही लावता येते. उद्या वादळात पाणंदीवर पडलेले झाडही त्याने बाजूला करता येईल. खर्च सगळा धरून वीस हजार.

"हळू असतं पण ते," मुलगा म्हणाला.

"किती हळू?"

त्याने हिशेब केला. विंचाने पंधरा मिनिटे लागली असती तिथे याने पाऊण तास लागला असता. म्हणजे तात्यांचा अर्धा तास वाचला असता. पूर्ण तास नव्हे. मी ते ऐकून पुन्हा विचारात पडलो. अर्ध्या तासाची किंमत पन्नास हजार रुपये जास्त आहे का? ज्याची छाती त्याला विचारा, हे आत्ताच म्हणून झाले होते. म्हणून तात्यांनाच विचारले.

तात्या जरा हसले. म्हणाले, "सत्तर हजारवाला एका गाडीवर बसणार. ती गाडी त्या दिवशी वाशीला आंबे घेऊन गेली असेल तर? वीसवाला घ्या. वाडीत असू द्या." मग थांबून म्हणाले, "आणि ओढायला शिकवून ठेवा सगळ्यांना. बायकांनासुद्धा. घरात त्याच असतात."

मला जे महिनाभर सुचले नव्हते ते त्यांनी एका दमात सांगितले, आणि त्यांचा दम किती आहे हे मी आधी लिहिले आहेच.

वर्गणी काढली. पाच उघड्या घरांनी दिली, आणि मुंबईच्या कुलूपवाल्यांपैकी सहा घरांनीही, काही न विचारता. यंत्र समाजमंदिरात, भजनाच्या पेटीशेजारी ठेवले आहे. किल्ली पाचही घरी. दसऱ्याला त्याला झेंडूची माळ घातली. गेल्या महिन्यात वहाळावर आम्ही त्याची तालीम घेतली. पिकअप मुद्दाम रुतवली, फणसाला रुंद पट्टा बांधला, तारेवर कांबळे टाकले, आणि सर्वांना लांब उभे करून खालच्या घरातल्या सूनबाईंनी दांडा चालवला. गाडी बोटाबोटाने वर आली. हे काम एकट्याने करू नये असा नियम केला आहे. एकाने दांडा, एकाने तारेवर नजर. तेव्हा अजूनही रात्री कुणाला तरी उठवावेच लागेल.

राहिला तो माझा पहिला मुद्दा. साधन आल्यावर माणूस धाडस वाढवतो, हे मी अजून मानतो. मुलाला मी सांगितले आहे, की पावसाळ्यात गाडी सड्यावरच राहील. यंत्र आले म्हणून ती खाली यायची नाही. त्याने मान हलवली. पुढच्या मृगात कळेल. आणि माझ्याबद्दल म्हणाल, तर भोंगा वाजल्यावर उठायचे की पांघरूण ओढायचे, याची तालीम वहाळावर घेता येत नाही. तीही पुढच्या मृगातच कळेल.

जमाखर्चाची वही या वर्षी मी नीट पुरी केली. अकराव्या वेळेपुढचा रकाना मात्र तसाच कोरा ठेवला आहे. सत्तरातून आमच्या वर्गणीचे पाच हजार वजा करून उरलेली पासष्ट हजारांची 'बचत' मी मोठ्याने वाचून दाखवली, तेव्हा आतून चकलीच्या तळणीवरून आवाज आला.

"मग कठड्याचे चिरे कधी सांगताय?"